अ‍ॅव्हरेजच्या एका आकड्यावर घरची गाडी ठरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाड्यांच्या पानावर दोन एसयूव्हींची तुलना आली की मी ती शेवटपर्यंत वाचते, आणि सध्या तर जरा जास्तच बारकाईनं वाचते कारण घरात गाडी घ्यायचं चाललंय आणि बरीच नावं गाळून शेवटी दोनच उरलीत, टोयोटाची रॅव्ह-फोर आणि होंडाची सीआर-व्ही, दोन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या. अशा तुलनेच्या शेवटी एक चौकट असते, त्यात अ‍ॅव्हरेज, हॉर्सपॉवर, स्क्रीन किती इंची, एअरबॅग किती, आणि खाली पाचपैकी किती स्टार ते. माझं स्पष्ट मत आहे की त्या चौकटीवरून घरच्या माणसांसाठी गाडी निवडता येत नाही, कारण जे खरंच विचारायला पाहिजे ते त्यात नसतंच, म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल पण कृपया छापा, गाडी घेणाऱ्या बऱ्याच जणांना उपयोग होईल असं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे ह्या दोन गाड्या आतून एकसारख्या नाहीत, आणि तुलना करणारे बहुतेक जण हे सांगतच नाहीत. रॅव्ह-फोरमध्ये अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आहे आणि इंजिन, जनरेटर मोटर आणि चाकं फिरवणारी मोटर हे सगळं प्लॅनेटरी गिअरच्या, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या, एका संचातून जोडलेलं असतं, म्हणजे इंजिनची थोडी ताकद थेट चाकांना जाते, थोडी वीज बनवायला जाते, आणि हे प्रमाण कॉम्प्युटर सतत बदलत राहतो. टोयोटानं १९९७ मध्ये प्रियस ही हायब्रिड गाडी आणली तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. सीआर-व्हीचं गणित वेगळं. तिथं दोन लिटरचं इंजिन बहुतेक वेळ फक्त जनरेटर फिरवतं, त्या विजेवर दुसरी मोटर चालते आणि गाडी ओढायचं काम ती मोटर करते, गिअरबॉक्स म्हणतो तसा त्यात नाहीच. हायवेला एका वेगानं गाडी चालत असली की मग क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांशी जोडलं जातं, कारण त्या वेगाला आधी वीज बनवा मग मोटर फिरवा ह्या वळशात ताकद वाया जाते.

आता हे मेकॅनिकचं काम आहे, आपल्याला काय करायचंय असं कुणी म्हणेल, पण चालवताना जो फरक कळतो तो सगळा इथूनच येतो. सीआर-व्ही गावातल्या वेगाला जवळपास इलेक्ट्रिक गाडीसारखी चालते, पाय दाबला की मोटरचा जोर लगेच मिळतो, आणि ती मोटर एकटीच १८१ हॉर्सपॉवरची आहे. रॅव्ह-फोरची एकूण ताकद थोडी जास्त, अमेरिकेतल्या २०१९ ते २०२५ च्या मॉडेलला २१९ हॉर्सपॉवर आणि सीआर-व्हीला २०४, पण पंधरा हॉर्सपॉवरचा हा फरक रोजच्या वापरात कुणाला जाणवत असेल असं मला वाटत नाही. जाणवतो तो आवाज. लांब चढावर, गाडी माणसांनी आणि सामानानी भरलेली, अशा वेळी दोन्ही गाड्यांची इंजिनं एका सुरात ओरडत राहतात आणि वेग मात्र सावकाश वाढतो, ज्यांना गिअरच्या गाडीची सवय आहे त्यांना वाटतं गाडीत बिघाड झाला. बिघाड नसतो, त्या यंत्राचा स्वभावच तसा आहे. हे आधी माहीत असलं पाहिजे, नाहीतर घेतल्यावर महिनाभर माणूस सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारत बसतो.

मायलेजबद्दल. रॅव्ह-फोर हायब्रिडच्या पाचव्या पिढीचा, म्हणजे २०१९ ते २०२५ च्या मॉडेलचा, अमेरिकेच्या ईपीए ह्या सरकारी संस्थेच्या टेस्टमधला एकत्रित आकडा ४० मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला साधारण १७ किलोमीटर. सीआर-व्हीच्या सहाव्या पिढीत, २०२३ च्या मॉडेलपासून, टू-व्हील ड्राइव्ह हायब्रिडचा एकत्रित आकडा पण तोच, ४०. चौकटीत बघणारा म्हणेल बरोबरी झाली. पण शहर आणि हायवे वेगळे करून बघा. रॅव्ह-फोर शहरात ४१ आणि हायवेला ३८, सीआर-व्ही शहरात ४३ आणि हायवेला ३६. किलोमीटरमध्ये बोलायचं तर सीआर-व्ही शहरात लिटरला सव्वाअठरा आणि हायवेला सव्वापंधरा, रॅव्ह-फोर सव्वासतरा-साडेसतरा आणि सव्वासोळा. म्हणजे एकाच सरासरीमागं दोन वेगळे स्वभाव आहेत, आणि तुमचा रोजचा रस्ता कोणता ह्यावर कोणती गाडी स्वस्तात पडणार ते ठरतं. शिवाय हा रॅव्ह-फोरचा आकडा फोर-व्हील ड्राइव्हचा आहे, सीआर-व्ही पण फोर-व्हील ड्राइव्ह घेतली तर तिचा एकत्रित आकडा ४० वरून ३७ वर येतो. टू-व्हीलची एक आणि फोर-व्हीलची दुसरी शेजारी ठेवून निकाल देणं चुकीचं आहे, आणि असं सर्रास होतं.

ह्यातच अजून एक गोष्ट, वेगवेगळ्या देशांच्या टेस्ट वेगळ्या असतात. युरोपात जुनी एनईडीसी टेस्ट होती, ती फारच सौम्य, २०१७ पासून तिच्या जागी डब्ल्यूएलटीपी आली, अमेरिकेची ईपीए आणखी वेगळी. एका गाडीचा आकडा एका टेस्टचा आणि दुसरीचा दुसऱ्या टेस्टचा असं करून लोक वाद घालतात. एकाच टेस्टचे दोन आकडे मिळत नसतील तर सरळ तुलना सोडून द्यावी हे बरं.

आता ह्या आकड्यांचं प्रत्यक्षात काय होतं ते बघू. समजा वर्षाला १५,००० किलोमीटर गाडी चालते. नुसत्या पेट्रोलची ह्याच मापाची एसयूव्ही लिटरला पावणेतेरा देते असं धरलं तर वर्षाला साधारण ११७६ लिटर लागतात, हायब्रिड १७ देत असेल तर ८८२, म्हणजे जवळजवळ ३०० लिटर वाचले. हा मोठा फरक आहे. पण दोन हायब्रिडमध्ये, एक १७ देते आणि दुसरी १६ देते, तर वर्षाला फरक पडतो फक्त ५५ लिटरचा. म्हणजे पेट्रोल सोडून हायब्रिड घ्यायची का हा निर्णय मायलेजवर घ्या, जरूर घ्या, पण एकदा हायब्रिडच घ्यायची ठरली की मग दोघींमधून निवडताना एका किलोमीटरसाठी भांडण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा इतर गोष्टी फार मोठ्या आहेत. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

मागची सीट बघा. आमच्याकडं मागं आईबाबा बसणार, आणि बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मी शोरूममध्ये गेले की आधी मागचं दार उघडते. सीआर-व्हीची मागची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात, हा त्या गाडीचा जुना गुण आहे, वयस्कर माणसाला आधी बसून मग पाय आत घेता येतात आणि लहान मुलाची सीट पण न वाकता आत जाते. मागं पायाला जागा सीआर-व्हीत ४१ इंच, रॅव्ह-फोरमध्ये पावणेअडतीसच्या आसपास, म्हणजे तीन इंचाहून जास्त फरक. कागदावर तीन इंच किरकोळ वाटतात, पण पाच तास मागं बसून बघा. पुढं उंच माणूस बसला आणि त्यानं सीट मागं सरकवली की मागच्याच्या गुडघ्याला सीट टेकते की नाही हे ह्या तीन इंचांवर ठरतं. तुलना लिहिणारा एकटाच गाडी घेऊन जातो, पुढं बसतो, पिकअप बघतो, वळणावर गाडी कशी झुकते ते लिहितो, आणि मागं कुणी बसवून बघतच नाही. फॅमिली एसयूव्ही म्हणायचं आणि फॅमिलीला टेस्ट ड्राइव्हला न्यायचंच नाही हे मला पटत नाही.

मग स्टेपनी. ह्यावर कुणीच बोलत नाही आणि मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. हायब्रिडची बॅटरी कुठंतरी बसवावी लागते. रॅव्ह-फोरमध्ये ती मागच्या सीटखाली आहे त्यामुळे डिकीखाली स्टेपनीला जागा राहते. सीआर-व्हीच्या सध्याच्या अमेरिकन हायब्रिडमध्ये बॅटरी डिकीच्या खाली गेलीय आणि स्टेपनीऐवजी पंक्चर किट मिळतं. किटनं खिळ्याचं छोटं भोक बुजतं, टायरची कड फाटली तर काही होत नाही. शहरातच फिरणाऱ्याला चालून जाईल, पण रात्री मोकळ्या रस्त्यावर सगळं कुटुंब गाडीत असताना मला किटच्या भरवशावर राहायचं नाही. कोणत्या देशात कोणत्या मॉडेलला काय मिळतं ते बदलतं, म्हणून सेल्समनला डिकीचा पत्रा उचलून दाखवायला सांगा, तोंडी हो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

रॅव्ह-फोरची बॅटरी सीटखाली असल्याचा एक तोटा पण आहे. ती थंड ठेवायला हवा मागच्या सीटखालच्या जाळीतून ओढली जाते, त्या जाळीत फिल्टर असतो, तिथं पिशव्या कोंबल्या किंवा कुत्र्याचे केस अडकले तर हवा कमी पडते आणि बॅटरी तापते. सर्व्हिसिंगला तो फिल्टर साफ करतात का हे विचारून घ्यावं लागतं. छोटी गोष्ट आहे, पण बॅटरीचं आयुष्य उष्णतेवर फार अवलंबून असतं.

बॅटरीबद्दल लोक उगाच घाबरतात असं मला वाचून वाचून वाटायला लागलंय. ह्या गाड्यांची बॅटरी छोटी असते, एक-दीड किलोवॅट-अवरच्या आसपास, ती कधी पूर्ण भरत नाहीत आणि पूर्ण रिकामी पण करत नाहीत, मधल्या पट्ट्यातच खेळवतात, म्हणून ती टिकते. प्रियसला २५ वर्षांहून जास्त झाली, तंत्र काही कालचं नाही. खरा प्रश्न वॉरंटीचा. अमेरिकेत टोयोटा २०२० च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीला १० वर्षं किंवा दीड लाख मैल देते, इतरत्र नियम वेगळे, आणि बऱ्याच ठिकाणी ती वॉरंटी टिकवायला दरवर्षी कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला बॅटरी तपासून घ्यावी लागते. ही अट कागदावर कुठं आहे ते दाखवा असं खरेदीआधी विचारायला पाहिजे. आणि बारा व्होल्टची साधी बॅटरी पण असते हे विसरू नका, ती झोपली तर मोठी बॅटरी भरलेली असून पण गाडी रेडी होत नाही. महिना-महिना गाडी उभी राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

दोष दोन्हीकडं निघालेत, ते लपवण्यात अर्थ नाही. २०१९ नंतरच्या काही रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडं जाणाऱ्या हाय-व्होल्टेज केबलच्या जोडाला गंज लागायचा, विशेषतः बर्फाच्या प्रदेशात जिथं रस्त्यावर मीठ टाकतात तिथं, आणि शेवटी उत्तर अमेरिकेत कंपनीनं त्या केबलची वॉरंटी वाढवली. सुरुवातीच्या काही गाड्यांची पेट्रोलची टाकी पूर्ण भरतच नव्हती, टाकीच्या आकारामुळं. होंडानं २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे १७ लाख गाड्या स्टिअरिंग जड होतं ह्या कारणानं परत बोलावल्या, त्यात २०२३ ते २०२५ च्या सीआर-व्ही पण होत्या. मी हे घाबरवायला सांगत नाही, रिकॉल निघणं म्हणजे कंपनीनं दोष मान्य करून दुरुस्त करून दिला. पण सेकंडहँड घेणार असाल तर त्या गाडीचं ते काम झालंय का हे चॅसी नंबरवरून तपासता येतं, आणि तुलनेच्या लेखात ह्याचं एक वाक्य तरी असावं.

फोर-व्हील ड्राइव्हची पण दोघींची पद्धत वेगळी आहे, रॅव्ह-फोरमध्ये मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर, मधे पुढून मागं ताकद नेणारा शाफ्टच नाही, सीआर-व्हीत शाफ्ट टाकून यांत्रिक जोड. ज्याला खरंच ओल्या मातीत, बर्फात जायचंय त्यानं ह्यात खोल जावं. ट्रेलर ओढायचा असेल तर रॅव्ह-फोर पुढं आहे, पाचव्या पिढीचं अमेरिकन मॉडेल जवळपास ८०० किलो ओढतं आणि सीआर-व्ही हायब्रिड साधारण ४५० किलो. ज्याला ह्यातलं काहीच करायचं नाही त्यानं फोर-व्हील ड्राइव्हवर पैसा आणि पेट्रोल दोन्ही घालवू नये.

टेस्ट ड्राइव्हबद्दल एक सांगते, कारण तिथं फार लोक फसतात. शोरूमची गाडी बाहेर काढतात तेव्हा बॅटरी बरेचदा छान भरलेली असते, रस्ता सपाट असतो, सेल्समन शेजारी बसून म्हणतो बघा इंजिन चालूच नाही, आणि आपण खूश होतो. बॅटरीचा काटा निघताना कुठं होता आणि परत आलो तेव्हा कुठं होता हे बघितल्याशिवाय त्या अ‍ॅव्हरेजला काही अर्थ नाही. ट्रिप मीटर शून्य करून घ्या, घरच्यांना मागं बसवा, एसी लावा, एक चढ घ्या, थोडा हायवे घ्या आणि सिग्नलला हळू ब्रेक लावून बघा, कारण हायब्रिडमध्ये आधी मोटर गाडी अडवते आणि वीज साठवते आणि मग खरे ब्रेक लागतात, तो बदल पायाला झटक्यासारखा लागतो का ते कळतं. आणि तुमचं रोजचं जाणं-येणं दोन-तीन किलोमीटरचंच असेल तर जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज विसरा, इंजिन गरम व्हायच्या आत घर येतं, थंडीत हीटरसाठी पण इंजिन चालतं, अशा वापरात हायब्रिडचा फायदा बराच कमी होतो. हे स्पष्ट सांगणारा सेल्समन मला अजून भेटलेला नाही.

टोयोटानं मे २०२५ मध्ये रॅव्ह-फोरची सहावी पिढी दाखवली, त्यात नुसत्या पेट्रोलचं मॉडेलच ठेवलं नाही, एक तर हायब्रिड नाहीतर प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणारी हायब्रिड. म्हणजे पुढं ही तुलना अजून जास्त घरांत होणार आहे. म्हणून लेखात कोणत्या पिढीच्या, कोणत्या सालच्या मॉडेलचे आकडे आहेत ते दरवेळी लिहावं, जुन्या पिढीचे गुण नव्या गाडीला चिकटवून लोक पैसे भरतात.

आमचा कल विचाराल तर मागच्या सीटमुळं आणि रोजचा वापर शहरातला असल्यामुळं सीआर-व्हीकडं आहे, स्टेपनीचं समाधानकारक उत्तर मिळालं तर तीच. ज्यांचं निम्म्याहून जास्त चालणं हायवेला आहे, किंवा जे दूर आडवाटेला जातात, त्यांनी रॅव्ह-फोर घ्यावी असं मी सांगेन, आणि त्यात मला काही शंका नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी दोन हायब्रिडची तुलना छापाल तेव्हा शहर आणि हायवेचं मायलेज वेगळं द्या आणि कोणत्या टेस्टचं ते लिहा, टू-व्हील की फोर-व्हील ते लिहा, मागं तीन मोठी माणसं बसवून फोटो द्या, स्टेपनी आहे की किट, बॅटरी कुठं बसवलीय आणि तिच्या वॉरंटीच्या अटी काय, एवढं तरी त्या चौकटीत येऊ द्या, स्टार दिले नाहीत तरी चालेल. आणि शक्य असेल तर पाच-सात वर्षं हायब्रिड वापरलेल्या वाचकांकडून पत्रं मागवा, बॅटरीचं खरं काय झालं, ब्रेक पॅड किती टिकले, पेट्रोल प्रत्यक्षात किती लागलं हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक